त्वचामौन

२०५८ साली मिरजेत सोरायसिसचा चट्टा शोधूनही सापडत नसे.

रेहाना मुजावर लग्नघरी नवरीच्या हातांवर मेंदी काढायची. सात वर्षांपूर्वीपर्यंत तिच्या मनगटांवर लाल, खवलेदार चट्टे होते. हा रोग स्पर्शानं पसरत नाही, हे ती प्रत्येक घरी सांगायची. बायका माना डोलवायच्या आणि पुढच्या लग्नाला दुसरीला बोलवायच्या.

मग डॉ. मृण्मयी होनप यांनी ‘त्वचामौन’ शोधलं. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि दाहाचे निरोप धाडत सुटते. ते ऐकून त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, चट्टे उठतात. होनपबाईंनी त्या पेशींना बहिरं केलं. उपचार एकदाच, त्वचा कायमची नितळ. रेहानानं दर महिन्याचं इंजेक्शन सोडलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

यंदा जानेवारीत बाईंनी जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावलं.

“बोटं कधीपासून सुजतात?”

“झालं वर्ष. मेंदीचा कोन दाबून दाबून होत असेल.”

“कोनानं नाही. सांधे धरलेत. आणि ही बघा, हृदयाची रक्तवाहिनी. आतून अरुंद झालीय.”

“पण सोरायसिस तर तुम्ही बरा केलात ना?”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “मी फक्त त्वचेला बहिरं केलं, रेहाना. निरोप रक्तात फिरतच राहिले. ते सांध्यांनी ऐकले, हृदयानं ऐकले. पूर्वी चट्टे वाढले की तुम्ही धावत यायचात, इंजेक्शन घ्यायचात. त्यानं आतलाही दाह शमायचा. चट्टे गेले आणि माणसं यायची थांबली. मला हे आत्ता कळतंय.”

“मग द्या इंजेक्शन.”

“देते. पण तुमच्यात किती दाह आहे, किती औषध लागेल, हे रक्तातून नीट कळत नाही. चट्टेच खरं सांगतात. त्वचेला परत बोलतं करावं लागेल.”

“म्हणजे चट्टे येणार?”

“येणार.”

रेहानानं ओढणी मनगटांवर ओढून घेतली. “मुनीरला यातलं काही ठाऊक नाही. माझा हात हातात घेऊन झोपतो तो. त्याच्याआधी तीन ठिकाणची माणसं मला बघून गेली होती, डॉक्टर. एकांनी मी केलेला चहासुद्धा घेतला नाही.”

“त्यांना सांगून तर बघा.”

“तुम्ही सांगितलं असतंत?”

बाईंनी तपासणीचं कार्ड भरून तिच्यापुढे सरकवलं.

“विचार करून येते,” म्हणून रेहाना गेली, ती आलीच नाही. बाईंनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तिनं “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला.

मार्चमध्ये, मालगावच्या एका लग्नघरी, नवरीचा एक हात रंगवून झाल्यावर ती कलंडली. हृदयविकाराचा झटका. वय एकोणचाळीस.

पंधरा दिवसांनी मुनीर दवाखान्यात आला. सतारी बनवणारा, कमी बोलणारा माणूस. रेहानाच्या कपाटात सापडलेलं तपासणीचं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं.

“तिला काही आजारच नव्हता. सहा वर्षांत अंगावर एक डाग पाहिला नाही मी.”

बाईंनी सगळं सांगितलं. स्वतःची चूकही लपवली नाही. मुनीर खाली मान घालून ऐकत होता.

“एवढ्यासाठी जीव दिला?” शेवटी तो म्हणाला. “मला सांगायचं होतं तिनं. मला लग्नाआधीच सांगितलं असतं, तर मी...”

बाई वाट पाहत राहिल्या. बाहेर कंपाउंडरनं पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं, मग पुन्हा एकदा पुकारलं.

मुनीरनं कार्ड खिशात घातलं आणि वाक्य तसंच सोडून तो उठला.