चांगुणाबाईंच्या नावापुढचा स्वल्पविराम

हे परभणीत घडलं, १९९३च्या उन्हाळ्यात. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. कुसुम अजूनही त्या स्टुलाकडे पाठ करून बसत नाही.

सुरुवात झाली तो दिवस नेहमीसारखाच होता. तिच्या भावाचं, लिंबाजीचं, लग्न ठरलेलं. कुसुमच्या छपाईच्या दुकानात तिचे वडील आश्रुबा, म्हणजे दादा, स्टुलावर बसून नातेवाइकांची नावं-गावं सांगत होते. ती संगणकात भरत होती. दादा जुने कंपोझिटर, शिशाचे खिळे जुळवणारे. स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं सांगायचे.

"चांगुणाबाई... माझी बहीण हाय. तिला पहिली पत्रिका."

"नाव सांगा दादा, नातं नको."

"नात्याबिगर पत्ता असतो व्हय?"

ते हसले. खोकला लागला, सांगणं तिथंच राहिलं. उरलेले पत्ते तिनं वहीवरून भरले.

पहाटे दादा गेले.

मरणानंतरच्या जलदान विधीच्या पत्रिका त्याच पत्त्यांवर जायच्या होत्या. मजकूर बदलला, पत्त्यांची फाइल तीच. संगणक एकेका पत्रिकेवर एकेकाचं नाव-गाव घालणार होता.

छापलं तर चांगुणाबाईंपासून सगळं सरकलं. गंगाखेडचा माणूस येलदरीला गेला.

तिनं फाइल उघडली. नाव कुठं संपतं नि गाव कुठं सुरू होतं, हे संगणकाला स्वल्पविरामावरून कळायचं; चांगुणाबाईंच्या नावापुढे स्वल्पविराम नव्हता. तिनं दिला.

पुन्हा छापलं. पुन्हा तेच.

फाइल उघडली...

स्वल्पविराम नव्हता.

"अक्का, आत्याच्या चारठाण्याची येष्टी निघायलीय," लिंबाजी म्हणाला. "पत्रिका हातात पडल्याबिगर आत्या उंबरा वलांडत न्हाई. भावाच्या विधीला तीच नसली तर?"

"फ्लॉपी खराब असेल. दुसरी आण."

तो गेला. आणि लाइट गेली.

पंखा थांबला. प्रिंटर थांबला.

दारातून संध्याकाळचा उजेड येत होता. स्टूल रिकामं होतं.

तिथून... घसा खाकरल्याचा आवाज आला.

"चांगुणाबाई..."

तिनं वळून पाहिलं नाही. बोटं आपोआप कळांवर गेली. बंद संगणकाच्या.

"...स्वल्पविराम."

मग पुन्हा पहिल्यापासून...

"चांगुणाबाई..."

किती वेळ ऐकलं, तिला आठवत नाही. भीती होतीच. पण भीतीहून शीण मोठा होता. दादांच्या दम्याची दोन वर्षं तिनं उशाशी बसून काढली होती. लेक असावी तर अशी, लोक म्हणायचे. ती नुसती मान हलवायची.

"दादा," ती म्हणाली, "दमले मी. लय दमले. आता तुमी जा."

आवाज थांबला; लाइट आल्यावर तिनं फाइल उघडली, तर चांगुणाबाईंच्या नावापुढे स्वल्पविराम होता.