घराला वळसा

वात जरा वर कर, पोरी. वीज काही इतक्यात येत नाही. तुझी आई आत पडली आहे, म्हणून हळूच सांगतो.

उद्यापासून तू स्वतःचं मशीन घेऊन राज्य महामार्गावर पट्टे मारणार. वीटभट्ट्यांच्या पुढे सपाट माळ, तरी मधला पट्टा वाकडा का, असं विचारलंस ना? आईला विचारलं असतंस तर तिने हसून टाळलं असतं. पण तेव्हा मी तिथे होतो, केस काळे होते माझे.

आमची टोळी तुझ्या आईला ‘ओळंबा’ म्हणायची. एक डोळा मिटून बघितलं की रस्त्याचा मध्य तिला सापडलाच. त्या वर्षी नवं डांबर पडलं आणि पूल ते माळ, अख्खा रस्ता आमच्याकडे आला. कोर्टाच्या भिंतीपासून घाऊक बाजारात शिरलो. तिथले हमाल कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण ‘ओळंबा आली’ म्हटलं की हातगाड्या आपोआप बाजूला. हॉस्पिटलपुढचं काम तिने कुजबुजत करून घेतलं. बसस्थानकाच्या चौकात तर त्या सगळ्या गोंधळातून पट्टा असा सुळकन बाहेर काढला की रिक्षावाले चहा विसरून बघत राहिले. माझी छाती अशी फुगायची! ही माझी ताई!

मग शहर संपलं. गॅरेजं, लाकडाच्या वखारी, भट्ट्या. पुढे रस्ता माळाच्या कडेने जायचा, तो रुंदीकरणात सरळ केला होता. मधे म्हणे एका म्हातारीचं घर होतं. एकटीच राहायची. किती समजावलं तरी हलली नाही. शेवटी तिथेच गेली, मग घर पाडलं.

आम्ही पट्टा मारून आलो. सकाळी बघतो तर भर माळावर तो बाजूला वळलेला, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा मधोमध आलेला. वर दुसरा रंग नाही, खाली पुसल्याची खूण नाही. जणू आमचंच मशीन तिथून वळून गेलं होतं.

“माझ्या हातचा पट्टा वाकडा?” ताई लालबुंद झाली. “कुणी केली ही थट्टा?”

तो खरवडून तिने पुन्हा सरळ मारला. रंग वाळतो न वाळतो तोच एक दूधवाला मोटारसायकलवरून आला, सरळ पट्ट्याच्या कडेने. मोकळ्या रस्त्यावर, पोरी, समोर काही नसताना तो आदळला. नुसता पडला नाही, आदळला. जखमेत विटेचा चुरा होता आणि चुना. जीव वाचला, हात मात्र कायमचा अधू झाला.

त्याला हॉस्पिटलात पोचवून परतलो तेव्हा ताई पट्ट्यापाशीच थांबली. “आज दूधवाला,” म्हणाली. “उद्या शाळेची बस जाईल इथून.”

तिन्हीसांजा झाल्या होत्या. वारा पडला होता. भट्ट्यांवरची माणसं घरी गेली होती. दोरीचं एक टोक माझ्या हाती देऊन ताई कडेकडेने पुढे गेली, मग रस्त्याच्या मधोमध आली आणि तिने दोरी ताणली.

दोरी अडली. हवेत. भिंतीच्या कोपऱ्यावर दाबून धरल्यासारखी काटकोनात वळली. मी ओढून बघितलं, तर खर्रकन आवाज झाला आणि डांबरावर चुन्याची भुकटी सांडली.

मग धुराचा वास आला, ओल्या लाकडाचा. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी झाडत होतं... सर्र... सर्र...

“ताई... चल इथून...”

“दोरी सोडू नकोस.”

आपलं टोक दगडाला बांधून ती दोरी अडली होती तिथे आली. हात उचलून तिने हवेवर टकटक केलं. आवाज लाकडाचा आला.

“मावशी... मी रस्त्याचं काम करते. आत येऊ?”

झाडू थांबला. मग आतून म्हातारा, दमलेला आवाज आला, “चपला बाहेर काढ... आत्ताच झाडलंय.”

ताईने चपला काढल्या. ठेंगण्या दारातून जावं तशी मान वाकवली, एक पाऊल टाकलं आणि दिसेनाशी झाली. समोर नुसता माळ. पण मी दोरी सोडली नाही, एवढं छाती ठोकून सांगतो.

बाहेर आली तेव्हा अंधारून आलं होतं. चपला पायात सरकवत म्हणाली, “पट्टा वाकडाच मारायचा.”

सकाळी रस्ते खात्याचे साहेब आले. “अहो ताई, वर काय सांगू? मोकळ्या माळावर वळण कशासाठी?”

“घर आहे म्हणून सांगा.”

साहेबांनी चुन्याच्या भुकटीकडे बघितलं. हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. “वळणाची पाटी मी लावून घेतो,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर तिथे कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मंत्र्याची गाडी असो नाहीतर लांबलचक ट्रेलर, म्हातारीच्या दाराशी सगळे मुकाट वळतात. मोठमोठ्यांनी जिला हुसकावू पाहिलं, तिच्या घराला तुझ्या आईने राज्य महामार्ग वळसा घालायला लावला! तूही उद्या तसाच मार. हात कापू देऊ नकोस.

मी मात्र तुझ्याबरोबर येणार नाही.

आत काय दिसलं ते ताईने कधीच सांगितलं नव्हतं. आज दुपारी मी तुझ्यासोबत जायचं म्हणालो, तर तिने माझं मनगट धरलं.

“तू जाऊ नकोस रे. त्या दिवशी आत म्हातारीपुढे कुणीतरी जेवायला बसलं होतं. पांढऱ्या केसांचं. वर बघून माझ्याकडे ओळखीचं हसलं. मला काही ओळख पटेना...”

“मग?”

“आता रोज तुझं तोंड बघते ना... तर पटायला लागली आहे.”