महाळुंग्याहून आणलेली सायकल

सोसायटीच्या जिमसाठी व्यायामाची सायकल नवी घ्यायची की जुनी, यावरून तुमची मीटिंग संपता संपत नाही, म्हणून बोलतो. साहेबराव काका रिटायर झाला, आता त्याला काय विचारायचं, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू दे. बत्तीस वर्षं मी कंपनीच्या क्वालिटी खात्यात घासलीत. कुठलं यंत्र टिकेल आणि कुठलं दोन महिन्यांत खुळखुळेल, हे मी हात लावून सांगतो. पत्रा जाड आहे का बघा, बेअरिंगचा आवाज ऐका, पायडल आडवं हलवून बघा. हे सगळं धम्मरत्नाला मीच शिकवलं होतं. एक गोष्ट तेवढी शिकवायची राहिली. तेजस्विनी, तो गच्चीचा दिवा मालव बरं, डोळ्यांवर येतोय.

धम्मरत्न चाकणला कंपनीत माझ्या हाताखाली इन्स्पेक्टर होता. राहायला तळवड्यात, दुसऱ्या मजल्यावर. बायको आम्रपाली शाळेत शिकवायची. गेल्या वर्षी जुलैच्या बारा तारखेला ती फळ्यावर लिहिता लिहिता कोसळली. पॅरालिसिसचा झटका. डावी बाजू गेली. वय चौतीस. हात दिवाळीपर्यंत बराच सुधारला, पाय मात्र ओंडक्यासारखा पडून.

फिजिओथेरपीच्या मिनल मॅडम घरी यायच्या. त्या गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे. त्यात जेवढं परत येईल तेवढं आपलं. पाय हलत राहिला पाहिजे. त्यांनी स्वतः हलवो, नाहीतर दुसऱ्या कुणी हलवो, पण हलला पाहिजे."

झालं, धम्मरत्नाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा जानेवारीला लाल गोल केला. मोबाइलवर बघून नवीकोरी सायकल मागवली. दिसायला झकास, वजनाला कागद. अकराव्या दिवशी पायडलचा दांडा निखळला आणि आम्रपाली तोंडावर आपटली. भुवईला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या कंपनीत माझ्या टेबलासमोर उभा राहून ढसाढसा रडला. "सर, जन्मभर लोकांचा माल रिजेक्ट केला मी, आणि स्वतःच्या घरात हे आणलं."  मी त्याला पाणी दिलं.

मग त्याने दुकानं पालथी घातली. नव्या सायकलींवर टिचकी मारायचा, आणि डबा वाजल्यासारखा आवाज आला की बाहेर पडायचा. शेवटी कुणीतरी महाळुंग्याचा पत्ता दिला. तिथल्या जयसिंगने आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वडिलांसाठी सायकल बनवली होती, वडील गेल्यावर ती पडून होती.

तारीख सांगतो, एकोणीस नोव्हेंबर. बुधवार. दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुट्टी, म्हणून ड्यूटी सुटल्यावर टेम्पो घेऊन तो परस्पर गेला. सव्वाआठला पोहोचला. जयसिंग कामावर होता, घरी त्याची आई, कौशल्याबाई. सत्तरीची म्हातारी. तिने शेडचा दिवा लावला.

सायकल बघून धम्मरत्नाचा जीव भांड्यात पडला. लोखंडी चॅनलचा सांगाडा, जुन्या प्रेस मशिनचं जडशीळ चाक, वेल्डिंग असं की मीही पास केलं असतं. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि चाक फिरवलं. कसलीच खरखर नाही. पायडल आडवं हलवून बघितलं, जरासुद्धा हललं नाही. बसायची जागाही खाली होती, आम्रपालीला चढायला सोपी.

एक गोष्ट त्याच्या नजरेत आली. उजव्या पायडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. डाव्याचं जसंच्या तसं. आणि त्या डाव्या पायडलला तांबड्या फेट्याची एक पट्टी गुंडाळलेली.

"आजी, ही पट्टी कसली?"

"मालकांचा डावा पाय गेल्याला. घसरू नये म्हनून बांधायचो."

"मग बरे झाले ना ते?"

 म्हातारीने दिवा मालवला.

आता माझ्या हाताखालचा माणूस, पीस बघितला आणि पास केला. त्या पिसाचं आधी काय झालंय, हे दुसऱ्यांदा विचारलं नाही. हेच ते शिकवायचं राहिलेलं. पण विचारलं असतं तरी त्याने सायकल आणलीच असती. कॅलेंडरवर आठ आठवडेही उरले नव्हते.

घरी आणून हॉलमध्ये ठेवली. आम्रपालीला बसवून बघितलं. उजवा पाय मारायची, डावा नुसता लोंबायचा. वीस मिनिटांत दमली.

रात्री दोन चाळीसला त्याला जाग आली. घुर्रर्र असा बारीक आवाज. त्याला वाटलं, पाण्याची मोटर असेल. उठून हॉलमध्ये आला. चाक फिरत होतं. सीट रिकामी. उजवं पायडल जोरात खाली जायचं, डावं मागून ओढत वर यायचं. वर येऊन अडायचं. थांबायचं... मग पुन्हा.

धम्मरत्नाच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नव्हता. भूतबीत या विषयावर तो कॅन्टीनमध्ये लोकांची यथेच्छ टिंगल करायचा. त्या रात्री तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पावणेचारला चाक थांबलं. दुसऱ्या रात्रीही तेच. त्याच वेळेला सुरू, त्याच वेळेला बंद.

तुम्ही काय केलं असतं? सकाळी भंगारवाल्याला बोलावलं असतं. त्यानेही मोबाइल हातात घेतला होता. पण मिनल मॅडमचं वाक्य डोक्यात बसलं होतं. स्वतः हलवो, नाहीतर दुसऱ्या कुणी हलवो.

तिसऱ्या रात्री त्याने झोपेतल्या आम्रपालीला उचलून आणलं. चाक फिरत होतं. तिला खाली टेकवून त्याने दोन्ही हातांनी ते धरलं. थांबलं. गुडघ्याने ते दाबून धरत तिला बसवलं. डावा पाय पायडलवर ठेवून ती तांबडी पट्टी बांधली. मग रिकाम्या हॉलमध्ये कुणाला तरी हात जोडून म्हणाला, "बाबा, तुम्ही कोण मला माहीत नाही. हिचा पाय तेवढा द्या. बाकीचं नंतर बघू."

गुडघा काढला.

चाक फिरायला लागलं.

आम्रपाली पूर्ण जागी झाली. "अहो, मी पाय मारत नाहीये."

"माहितीये."

"मग कोण..."

 तिने खाली बघितलं. तिचा मेलेला पाय वर येत होता, खाली जात होता.  त्याला वाटलं, आता उतरवा म्हणेल. ती म्हणाली, "मला घट्ट धरा." आणि बसून राहिली. हा प्रसंग सांगताना धम्मरत्न माझ्याकडे बघत नव्हता, हे मला आठवतं.

मग रोज रात्री. दोन चाळीसला बसायचं, पावणेचारला उतरायचं. दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोलायची नाहीत. हा सकाळी लाल डोळ्यांनी शिफ्टला यायचा. नवव्या रात्री ती हळूच म्हणाली, "अंगठा हलला." डिसेंबरात घोटा. नाताळच्या सुमारास गुडघा. आणि अकरा जानेवारीच्या रात्री दोन चाळीस झाले, चाक फिरलंच नाही. दोघं पहाटेपर्यंत वाट बघत बसली. उजाडल्यावर आम्रपाली भिंत न धरता उठली आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. तारीख बारा. लाल गोलाची.

मिनल मॅडम म्हणाल्या, असं मी कधी पाहिलं नाही. धम्मरत्न खाली पार्किंगमध्ये जाऊन पोटभर रडला. यावेळी आनंदाने.

त्याच आठवड्यात पेढे घेऊन, सायकल टेम्पोत घालून तो महाळुंग्याला गेला. म्हणाला, "आजी, बायको चालायला लागली. आता ही दुसऱ्या गरजवंताला द्या."

कौशल्याबाईने पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. "कंचा पाय व्हता तिचा?"

"डावा."

म्हातारी मटकन ओट्यावर बसली. म्हणाली, "चार वर्स बसले त्याच्यावर. रातीची झोप न्हाई, तर रातीचंबी बसायचे. येकच म्हनायचे, पाय चालाया लागू दे, रानात जाऊन येतो. जवारीला पानी देऊन येतो. पाय काय आला न्हाई. तसंच गेले."

"आणि रान?"

"ते तर कवाच कंपनीला गेलं. शेड हाय तिथं आता, समदं शिमिट. पन ते अंथरुनावर, कुन्या तोंडानं सांगायचं? आमी सांगितलंच न्हाई. त्यांना अजून ठाव न्हाई, लेकरा."

अजून, म्हणाली ती. धम्मरत्न परतीच्या वाटेवर तेवढ्याच एका शब्दाचा विचार करत होता.

त्या रात्री दोन चाळीसला त्याला जाग आली. घर शांत. आम्रपाली शेजारी गाढ झोपलेली. दाराची कडी आतून लावलेली. बरं वाटलं त्याला. झोपला.

सकाळी त्याने तिच्या अंगावरचं पांघरूण काढलं.

उजवा पाय स्वच्छ होता. डावा... घोट्यापर्यंत काळी माती. ओली. पाणी दिलेल्या रानात पाय रुतला की लागते, तशी. चादरीला डाग. फरशीवर मात्र एक पाऊल नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली सगळं काँक्रीट.

तिला जाग यायच्या आत त्याने पाय धुतला. चादर बदलली.

दुसऱ्या रात्री तो झोपलाच नाही. तिचा डावा पाय दोन्ही हातांनी धरून पायथ्याशी बसला. दोन चाळीस झाले. ती हलली नाही. पाय हलला नाही. एकदम गार पडला, तेवढंच. पावणेचारला पुन्हा ऊब आली. त्याने दिवा लावला.

पाय मातीत भरलेला. त्याचे हातही.

मला हे सगळं त्याने फेब्रुवारीत सांगितलं. मी म्हटलं, भावा, जागरणाने डोकं फिरलंय तुझं. तो म्हणाला, एकदा पहाटे या. गेलो. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात बादली होती. पाणी काळं होतं. तळाशी गाळ बसलेला. मी बोटाने चाचपून बघितला. माती होती.

बादली त्याने मोरीत ओतली, तेवढ्यात आम्रपाली उठून बाहेर आली. ताठ, न लंगडता. मला बघून हसली. चहा टाकला. शाळा पुन्हा सुरू केली म्हणाली, जिने चढते म्हणाली. एवढं समाधान मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. मग कप माझ्या हातात देता देता तिने सहज त्याला विचारलं,

"अहो, रोज सकाळी माझा हा एकच पाय ओला कसा असतो?"

धम्मरत्नाने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे.