शरच्चंद्र खासगीवाल्यांचा निर्मळ रिपोर्ट

"ताबडतोब खाली या," नीरजा खासगीवाले फोनवर म्हणाल्या. "पुष्करनं त्या लॅबवाल्याच्या कानाखाली मारलीय."

विजयमाला जगताप दोन मजले उतरून आल्या. पोलीस निरीक्षक म्हणून त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नारायण पेठेतल्या त्या इमारतीत कुणाचा नळ गळला तरी आधी त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांना ते आवडत नसे. न बोलावलेलं तर अजिबात आवडत नसे.

बैठकीच्या खोलीत अवधूत गाल धरून उभा होता. रक्ताचे नमुने घेणारा हा तंत्रज्ञ वाघोलीहून आला होता. समोर पुष्कर, नीरजाबाईंचा एकुलता एक मुलगा, आयटीत नोकरीला. भिंतीवर नीरजाबाईंच्या नवऱ्याचा, शरच्चंद्रांचा फोटो नुकताच लागला होता आणि त्याकडे बघायचं सगळेच टाळत होते.

विसर्जन मिरवणुकीत, लक्ष्मी रस्त्यावर, कमरेला ढोल बांधलेला असतानाच शरच्चंद्र खाली बसले ते उठलेच नाहीत. हृदयविकाराचा झटका. ढोलपथक त्यांनीच तरुणपणी सुरू केलं होतं. मधली कित्येक वर्षं नोकरीत गेली आणि यंदा त्यांना पुन्हा वाजवायचं होतं.

"पथकाचा नियम आहे," नीरजाबाई सांगू लागल्या. "पन्नाशीपुढच्यांना डॉक्टरांची परवानगी लागते. यंदा पथकानं सगळ्यांच्याच रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. यांना ब्लडप्रेशर होतं, कोलेस्टेरॉल काठावर. डॉक्टर म्हणाले, सीआरपी बघू आणि मग ठरवू."

शरीरात कुठेही दाह, म्हणजे आतली सूज असली की रक्तातल्या सीआरपीचा आकडा चढतो. रक्तवाहिन्यांच्या आत छुपा दाह असेल, तर हृदयाला किती धोका आहे याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. शरच्चंद्रांचा आकडा एकच्याही आत आला होता. इतका निर्मळ रिपोर्ट बघून डॉक्टरांनी परवानगी दिली.

"ह्यानं सॅम्पल बदललं," पुष्कर म्हणाला. "उद्या सकाळी मी चौकीत कम्प्लेंट देणार आहे. सदोष मनुष्यवध. प्लेन अँड सिम्पल."

"मॅडम, मी नाय बदललं," अवधूत काकुळतीनं म्हणाला. "ह्यांच्या फोननंतर लॅबनं मला घरी बसवलंय. तक्रार झाली तर कुठंच उभं करणार नाय मला. घरी बायको पोटुशी हाय. हात जोडायला आलो होतो हितं."

विजयमालांनी खुर्ची ओढली. "बस. पुष्कर, तूही बस. मारामारी झाली असेल तर आता बोलू या."

त्या अवधूतकडे वळल्या.

"नळीवर नावाचं स्टिकर कधी लावायचं?"

"रक्त काढल्यावर. पेशंटसमोर. नाव विचारून."

"शिबिरात तसं केलंस?"

अवधूतची मान खाली गेली. "नाय मॅडम. गर्दी लई होती. पथकातली पोरं म्हणाली, आम्ही स्टिकर लावून नळ्या हातात देतो, तुम्ही फक्त सुई टोचा. ज्यानं जी नळी आणली, त्यात त्याचं रक्त भरलं. चूक झाली माझी. पण एकदा भरलेली नळी मी हलवली नाय."

"त्या दिवशी रंगीत तालीम होती. सगळे एकसारख्या पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला फेटे," पुष्कर मध्येच म्हणाला. "ह्याला कोण कोण ते कळणारच नव्हतं."

"तुला बरं आठवतंय," विजयमाला म्हणाल्या. "नीरजाताई, शिबिराच्या दिवशी यांची तब्येत कशी होती?"

"छान होती हो. फक्त दाढ दुखत होती. गाल एवढा टम्म सुजला होता की फेटा बांधताना हसलो आम्ही. रात्रभर कण्हले. मी मऊ भात करून दिला. गोळ्या दुसऱ्या दिवशी सुरू केल्या."

"आणि पुष्करची?"

"त्याला काय धाड भरलीय! दिवसभर वाजवत होता. पण रिपोर्ट मात्र त्याचाच वाईट आला. बारा की काय. डॉक्टर म्हणाले, कुठेतरी इन्फेक्शन असेल, परत तपासा. त्यानं मनावरच घेतलं नाही."

 पुष्करच्या मनगटावरच्या घड्याळाकडे विजयमालांनी पाहिलं. जिना चढून आला तरी नाडी किती वाढली ते त्यात बघण्याची त्याला सवय होती. साऱ्या इमारतीत त्यावरून त्याची थट्टा व्हायची.

"स्टिकर लावायला टेबलावर कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

अवधूतनं पुष्करकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"मी," पुष्कर म्हणाला. "सो व्हॉट? कुणीतरी बसणारच ना."

"बसणारच." विजयमालांचा आवाज खाली आला. पुढचं बोलायची त्यांना इच्छा नव्हती. या मुलाला त्यांनी जिन्यात रांगताना पाहिलं होतं. पण दुसऱ्याच्या घरातला एक माणूस उद्या निष्कारण गजाआड जाणार होता. "नीरजाताई, ऐका. सुजलेला गाल घेऊन रात्रभर कण्हणाऱ्या माणसाचा सीआरपी एकच्या आत येऊच शकत नाही. दाढेच्याच दाहानं तो वर गेला असता. म्हणजे ते रक्त यांचं नव्हतं."

"मी तेच म्हणतोय!" पुष्कर उसळला. "ह्यानं मिक्स केलं!"

"ह्यानं घोळ घातला असता तर शिबिरातल्या कुणाचंही रक्त कुणाच्याही नावावर गेलं असतं. चढलेला आकडा नेमका तुझ्याच नावावर गेला. तुला तेव्हा ताप नव्हता, खोकला नव्हता, साधं खरचटलेलंही नव्हतं. बाप आणि लेक, दोघांच्याच नळ्या एकमेकांत बदलल्या. आणि नळ्या हातात देणारा तू."

"तो योगायोग असू शकतो."

"असू शकतो. मीही आत्तापर्यंत तेच धरून चालले होते. पण घड्याळात नाडी दोन ठोके वाढली तरी गुगल करणारा मुलगा तू. स्वतःच्या नावावर बारा आकडा आला आणि तू घाबरला नाहीस. परत तपासलं नाहीस. का? कारण ते रक्त तुझं नाही, हे तुला माहीत होतं."

 नीरजाबाई मुलाकडे बघत राहिल्या. त्यानं नाही म्हणावं म्हणून त्या वाट पाहत होत्या, आणि तो म्हणत नव्हता.

"दाढच होती गं आई," पुष्कर शेवटी म्हणाला. "मी वाचलं होतं सगळं. इन्फेक्शननं आकडा वर जातो, हार्टशी त्याचा संबंध नसतो. डॉक्टरांनी बाबांना थांबवलं असतं. महिन्यानं परत टेस्ट करू म्हणाले असते. मिरवणूक थोडीच थांबणार होती? बाबा म्हणाले होते, एकदा तुझ्या शेजारी उभा राहून वाजवायचंय. मी माझ्या नावाची नळी त्यांना दिली, त्यांच्या नावाची मी घेतली. चष्मा लावला नव्हता त्यांनी. त्यांनी पाहिलंच नाही."

"तो आकडा दाढेचाच असेल," विजयमाला म्हणाल्या. "पण त्यामागे आणखी काही आहे का, ते डॉक्टरांनी शोधलं असतं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून बघितलं असतं, हृदयाचा आलेख काढला असता. तेवढ्यानं ते वाचले असते असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पुष्कर, मीही सांगणार नाही."

"मी रोज तेच विचारतो स्वतःला."

"आणि उत्तर मिळेना म्हणून याच्या कानाखाली मारलीस."

पुष्करनं होकारार्थी मान हलवली.

नीरजाबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी फडक्यात बर्फ गुंडाळून आणला आणि अवधूतच्या हातात दिला. "गालाला लावा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तुमच्यावर हात उगारला गेला. मला फार लाज वाटते आहे."

मग त्या मुलासमोर उभ्या राहिल्या.

"त्यांना माहीत होतं?"

"नाही. शेवटपर्यंत नाही. रिपोर्ट आला तेव्हा मला म्हणाले, बघ, तुझ्या बापाचं हृदय तुझ्यापेक्षा तरुण आहे."

नीरजाबाईंनी डोळे मिटले. 

"उद्या सकाळी चौकीत जायचं ठरवलंयस ना? जाऊ. पण खरं सांगायला. मी येते बरोबर, एकटा जाऊ नकोस." त्या थांबल्या. "आणि तिथून आल्यावर माझ्याशी बोलू नकोस. जेवायला वाढीन, कपडे धुवीन. बोलायला लागेन तेव्हा लागेन. कधी, ते मला माहीत नाही."

पुष्कर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. नीरजाबाईंचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला.

विजयमालांनी ते पाहिलं आणि अवधूतला घेऊन त्या मुकाट्यानं बाहेर पडल्या.