पुलाजवळच्या दुकानाची पहिली फळी

ही घटना खरी आहे. माझी मावशी हेस्टर पेंगेली हिच्या बाबतीत ती घडली. मावशी कापड मोजताना बोटभर जास्त सोडायची, पण शब्द मात्र कधी जास्त सोडला नाही. तिनं सांगितलं तसंच मी सांगते.

गाव वॅटलबरो, सोन्याच्या खाणींचं. सन १८८७, नोव्हेंबरची नऊ तारीख, बुधवार.

रात्र नव्हती. भर दुपारचे पावणेतीन वाजले होते.

त्या दिवशी गावात शेतीचं वार्षिक प्रदर्शन होतं. बाहेरगावची माणसं आली होती. मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीचं कापडाचं दुकान रस्त्याच्या वरच्या टोकाला, पुलाला लागून. पुलाखालच्या वस्तीतून वर येणाऱ्याला पहिलं तेच दुकान लागे.

म्हणून एक काम तिच्याकडे होतं.

अंत्ययात्रा रस्त्यावर आली, की प्रत्येक दुकानदार दाराला एक फळी लावायचा. यात्रा पुढे गेली, की काढायचा. पहिली फळी मावशीची. ती लागली, की शेजारचा लावायचा, मग त्याच्या शेजारचा. सगळा रस्ता मिनिटभरात गप्प व्हायचा.

त्या दुपारी मावशी फॉसेटबाईंना टोपीच्या रिबिनी दाखवत होती. फॉसेटबाई म्हणजे नगराध्यक्षांची बायको. मावशीला पुलावर चाक करकरल्याचा आवाज आला. तिनं पाहिलं. बटाट्याची हातगाडी, तिच्यावर छोटीशी पेटी, ओढणारा एकच माणूस.

तिचा हात फळीवर गेला.

"अहो, पुलाखालचं कुणीतरी असेल," फॉसेटबाई म्हणाल्या. "काळा पट्टा बांधलेला माणूस पुढे आहे का? नाही ना? मग ती अंत्ययात्रा कसली? आणि आजच्या दिवशी दुकानं बंद दिसली तर पाहुणे काय म्हणतील?"

पैसे देऊन आणलेला तो पट्टेवाला पुढे चालतो, मागून यात्रा येते, हे खरंच होतं. इतकी वर्षं मावशीनं त्या पट्ट्याकडे बघूनच फळी लावली होती.

तिनं हात काढून घेतला.

तिनं फळी लावली नाही म्हणून कुणीच लावली नाही. गाडी उघड्या दुकानांमधून गेली. नगराध्यक्ष फॉसेट आपल्या लिलावघराच्या पायरीवर उभे राहून मेंढ्यांचा लिलाव पुकारत होते. ते थांबले नाहीत. गर्दीनं वाट दिली, तीही उशिरा.

फॉसेटबाईंनी शेवटी निळी रिबीन घेतली.

गुरुवारी दुपारी मावशी दुकानात एकटी होती. पावणेतीन झाले.

आणि पुलावर... चाक करकरलं.

आवाज जवळ आला. दाराशी आला. आणि थांबला.

मावशी बाहेर गेली. रस्त्यावर धूळ होती, ऊन होतं. गाडी नव्हती. धुळीत चाकाची रेघही नव्हती.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. चाकाचा आवाज यायचा, पण पावलांचा नाही. गाडी ओढणारं कुणी नसल्यासारखी... आपणच यायची. दाराशी थांबायची. पुढे मात्र जायची नाही.

मावशी रोज त्या वेळेला फळी लावू लागली. उपयोग झाला नाही. संध्याकाळी दुकान बंद करतानाही तिला वाटायचं, बाहेर कुणीतरी उभं आहे, वाट मागतंय.

शेजारी ओबेड रस्क खोगिरं शिवायचा. साठीचा, तिरकस जिभेचा. तो एकदा दारात येऊन म्हणाला, "काय हो मिसेस पेंगेली, रोज फळी? रोज मरतंय तरी कोण? भाव ऐकून गिऱ्हाईकं पडतात की काय?"

"बसा," मावशी म्हणाली. "पाच मिनिटं बसा आणि गप्प राहा. जमेल?"

"गप्प राहायचे वेगळे पैसे पडतील."

पण तो बसला.

पुलावर... चाक करकरलं. दाराशी आलं. थांबलं.

ओबेडनं तोंडातली चिलीम काढली. मग हळूच म्हणाला, "डाव्या चाकाला वंगण नाहीये, बाई. चाळीस वर्षं गाड्या ऐकतोय मी. गाडी गेलेली नाही. उभी आहे."

दुसऱ्या दिवशी मावशी पुलाखाली गेली. गाडी ओढणारा माणूस सापडला. त्याचं नाव डॅनियल टीहन. खाणीत लागणारी लाकडं फोडायचा. पेटीत त्याची मुलगी होती, नोरा. सहा वर्षांची. घटसर्पानं गेली.

मावशीनं रोज दाराशी येऊन थांबणाऱ्या चाकाचं सांगितलं. टीहन कुऱ्हाड खाली न ठेवता ऐकत राहिला.

"मी फळी लावायला हवी होती," मावशी म्हणाली.

"होय."

"तुम्ही रागावला असाल."

"रागावायला दम लागतो, बाई." त्यानं एक ओंडका फोडला. "दफनभूमीला मागची वाट जवळची आहे. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मावशीला ठाऊक होतं. पण मग तो वरून का आला, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता.

"मुद्दाम वरून आणली तिला. माझ्याबरोबर बाजारात येताना एकदा तिनं बघितलं होतं, सगळी दुकानं कशी फळ्या लावतात ते. बँकेतला कुणी साहेब गेला होता. ती मला म्हणाली, बाबा, त्या माणसासाठी सगळे थांबले. म्हटलं, पट्टेवाला आणायची आपली ऐपत नाही, पण रस्ता तर सगळ्यांचा आहे. एकदा तिच्यासाठीही थांबेल."



"आम्ही सगळे फळ्या लावू," मावशी म्हणाली. "तुम्ही याल?"

"मी चाललोय त्या रस्त्यानं एकदा," टीहन म्हणाला. "पुन्हा नाही चालवणार माझ्यानं. पण तिला जाऊ द्या, बाई. तिथं अडवून ठेवू नका."

मावशी नगरपालिकेच्या सभेत गेली आणि एका बुधवारी पावणेतीनला सगळ्यांनी फळ्या लावाव्यात, असं तिनं मागितलं. फॉसेटनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अंत्ययात्रेसाठी फळ्या लावाव्यात, हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण त्यासाठी अंत्ययात्रा असावी लागते. बुधवारी बाजाराच्या वेळेत, कुणी मेलेलं नसताना अख्खा रस्ता बंद? लोक हसतील."

"हसू देत," मागून ओबेड म्हणाला. "तुमच्या टोपीला हसतातच की."

ठराव नामंजूर झाला.

मग मावशी आणि ओबेड दुकानोदुकानी गेले. मावशीनं कुणालाही भुताचं सांगितलं नाही. टीहन काय म्हणाला, तेवढंच सांगितलं. पाववाल्यानं मान खाली घातली. औषधवाला म्हणाला, त्या दिवशी मी पेटी पाहिली होती, आणि तुमच्या फळीची वाट बघत बसलो होतो.

सात डिसेंबर, बुधवार. पावणेतीन.

मावशीनं पहिली फळी लावली. मग ओबेडनं. मग पाववाल्यानं. एकेक करत फळ्यांचा आवाज रस्त्यानं खाली गेला. लिलावघराशी येऊन तो अडला. फॉसेट पायरीवर उभे होते. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. आत गेले, आणि स्वतःच्या हातानं फळी घेऊन आले.

रस्ता गप्प झाला.

पुलावर... चाक करकरलं.

या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं. माणसांनी टोप्या काढल्या. आवाज मावशीच्या दाराशी आला, क्षणभर थांबला...

आणि पुढे गेला.

खोगीरवाल्यावरून, पाववाल्यावरून, लिलावघरावरून. बारीक होत होत वळणापलीकडे विरला. मावशी रडत होती, पण तिला हलकं वाटत होतं. तिनं फळी काढायला हात घातला.

तेव्हा ओबेडनं तिचं मनगट धरलं.

पुलावर... पावलं वाजत होती.

जड बूट. मग अनवाणी पाय. मग काठी टेकत चालणारं कुणीतरी. मग पुष्कळ पावलं एकत्र, खांद्यावर ओझं घेतल्यासारखी, संथ. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. ऊन होतं, धूळ होती, आणि पावलं... येतच होती. खाणीत गाडले गेलेले, तापात गेलेले, चिनी मळेकरी, नदीकाठच्या तंबूंतली बाळंत होताना गेलेली बाई. ज्यांच्यापुढे कधीच पट्टेवाला चालला नव्हता, ते सगळे.

फॉसेटनी टोपी पुन्हा घातली नाही. कुणीच फळी काढली नाही. अंधार पडेपर्यंत गाव आपापल्या दारात उभं होतं.

नंतर चाक कधी वाजलं नाही. तिकडे उन्हाळा डिसेंबरात येतो; टीहन त्या उन्हाळ्यातच गाव सोडून गेला. कुठे, ते कुणाला माहीत नाही.

मी मावशीला एकदा विचारलं, किती होते गं?

"मोजले नाहीत," ती म्हणाली. "मोजले असते, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडता आलं नसतं."

मावशी गेली तेव्हा अख्ख्या रस्त्यानं फळ्या लावल्या. यात्रा वळणापलीकडे गेल्यावर सगळ्यांनी त्या काढल्या. दुकान आता माझं होतं, म्हणून मीही काढायला गेले.

पण मला वाटलं, अजून कुणीतरी यायचं आहे...

शेवटी मी फळी काढली. किती वेळ थांबायला हवं होतं, ते मला आजही माहीत नाही.