खाली गेलेल्यांचा गट

काम तसं फालतूच होतं, जेवणानंतर डुलक्या घेत उरकावं असं. उकव्याकडची जुनी खाण बंद पडून दोन वर्षं झाली होती. तिथल्या सगळ्या संगणकांना एकत्र बांधणारं, कुणाला कुठे शिरू द्यायचं ते ठरवणारं डोमेन बालाघाटच्या ऑफिसनं मागच्या आठवड्यात काढून टाकलं. त्यातले माणसांच्या नावांचे गट मात्र मागे राहिले होते.

"मंजुषा, पुराने ग्रुप पडे हैं अभी," शीला मॅडम जाता जाता म्हणाल्या. "आज साफ करून टाक."

तिनं भराभर बारा गट पुसले. तेरावा काही पुसला जाईना. त्याचं नाव 'खाली गेलेले'.

हा गट कशाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. खाणीत उतरताना माणूस फाटकावरच्या मशीनला कार्ड लावी, की त्याचं नाव या गटात येई. वर आला की स्वतःच्या हातानं पुन्हा कार्ड लावी, तेव्हा ते निघे. दुसऱ्यानं कुणी काढायचं नाही, अशी तिथल्या माणसांची रीत. छत कोसळलं त्या दिवशी सात जण वर आलेच नाहीत. खाणीचं तोंड बुजवून टाकलं, नावं तशीच राहिली. सातवं नाव महेंद्रचं, तिच्या नवऱ्याचं.

दोन वर्षं ती रोज चोरून हा गट उघडून बघत होती. महेंद्र मेला नाही, अजून खाली आहे, एवढंच. वेडेपणा म्हणा हवं तर. पण त्यावरच तिचे दिवस निघत होते.

गट पुसायचा तर आधी आतली नावं एकेक करून काढावी लागणार होती. तिनं पहिलं काढलं. कोपऱ्यात खाणीवरून आणून टाकलेलं ते कार्डाचं मशीन होतं, वायर कापलेलं. ते वाजलं. टुंग.

दुसरं नाव. टुंग. काळ्या दगडाचा ओला, कोंदट वास खोलीत भरला. महेंद्रच्या कपड्यांना यायचा तोच. अशा वेळी भ्यावं माणसानं, पण बिचारीला आशा वाटली, आणि आशेनंच घात केला. रीतबीत सगळी ती विसरली, पुढची चार नावंही काढली. सातव्या नावावर बोट ठेवून पुटपुटली, "या ना... वर या."

टुंग.

गट रिकामा झाला. पाठोपाठ फोन वाजला. उकव्याच्या घरून सासू, तुळसाबाई.

"पोरी, आंगनात एक मानूस येऊन उभा हाय..." आवाज दबका होता. "पुरा काळा, ओलाचिंब. पाय धुवाले पानी मांगून राह्यला."

मंजुषाला रडूच फुटलं. "आई, ते आपलेच हायेत. त्याइले घरात घ्या."

"आपला कोन? मले नाही ओळखू येत. त्याले बी नाही समजत. मलेच इचारून राह्यला... माह्यं नाव काय?"

"सांगा त्याइले, आई... ते..."

लग्नात लाजत लाजत उखाण्यात घेतलेलं ते नाव. तिनं तोंड उघडलं, आणि ते कुठेच सापडेना, ना गटात, ना मनात.

फोनमध्ये मागून कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारत होतं. आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता.