तिसाव्या किलोमीटरचा माणूस

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी नंबर आणायला चर्चमागच्या शाळेत गेले, तेव्हा टेबलामागच्या गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "जेबिवोत, बाळंतपणाला सात महिने झाले नाहीत अजून. पूर्ण बेचाळीस?" मी म्हटलं, अर्धी शर्यत पाहुण्यांनी पळावी. ते हसले आणि त्यांनी मला सतरा नंबर दिला. मी अशीच आहे. आमच्या चहाच्या डोंगरात मुलगी चालायला लागली की शाळेपर्यंत पळतच जाते, त्यामुळे पळण्याची भीती मला कधी वाटली नाही. काळजी होती ती घरची.

माझं बाळ झोपत नव्हतं. दूध ओढायचं आणि टाकायचं, रात्रभर आवळलेल्या मुठींनी रडायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोनदा तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. महिन्यात त्याचं वजन वाढण्याऐवजी घटलं होतं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, नाव चुकलंय.

आमच्यात बाळ जन्मलं की म्हाताऱ्या बायका त्याच्या नाकाशी चिमूटभर तपकीर धरतात आणि घराण्यात गेलेल्यांची नावं एकामागून एक घेतात. ज्या नावाला बाळ शिंकेल, तो माणूस परत आला असं समजायचं. नाव फक्त मेलेल्याचंच घ्यायचं, हा नियम लहान पोरालाही माहीत असतो. पण शेजारची तापकिगेन आता नव्वदीला आली. नावांच्या ओघात ती "बार्नो" म्हणून गेली, आणि माझं बाळ नेमकं तेव्हाच शिंकलं.

बार्नो म्हणजे माझ्या नवऱ्याचे काका, सतरा वर्षांपूर्वी परदेशात पळायला गेलेले. पत्र नाही, फोन नाही. पण त्यांची आई, आमची कोगो म्हणजे आजी, अजूनही दर आठवड्याला दूध आंबवायचा एक वाळका पोकळ भोपळा आतून कोळशानं घासून त्यांच्यासाठी भरून ठेवते. ती उठली, तिनं तापकिगेनच्या हातातली तपकिरीची डबी हिसकावली आणि म्हणाली, "माझं पोर जिवंत आहे." मग बाळाला तिच्या सासऱ्यांचं नाव दिलं, अरुसेई. त्या नावाला ते काही शिंकलं नव्हतं. मी या गोष्टी मानत नाही असं नवऱ्याला ठणकावून सांगत होते, आणि रात्री रडणारं पोर खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होते.

सकाळी साडेसहाला शर्यत सुटली. बाजारातून चहाच्या कारखान्यापर्यंत चढ, तिथून माघारी, असं दोनदा. पहिल्या फेरीत मी मजेत होते. रस्त्याकडेला मोटारसायकलवाले ओरडत होते, शाळेची पोरं माझ्याबरोबर चार पावलं पळून गळत होती. पलीकडच्या गावची चॅम्पियन पोरगी पुढे होती. तिला म्हटलं, मागे वळून बघू नकोस, मान दुखेल. तिनं मलाच चार शब्द सुनावले. पळताना बोलण्याइतका दम दोघींकडेही होता.

दुसऱ्या फेरीत निलगिरीच्या झाडांच्या रानात धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं वरून येत नाही, चहाच्या झुडपांतून निघून रस्त्यावर चढतं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. पुढची पोरगी दिसेनाशी झाली, मागच्यांचे आवाज थांबले. ओल्या पाल्याचा वास आणि डांबरावर माझ्या बुटांची थपथप, एवढंच उरलं. मग लक्षात आलं की थपथप दोघांची आहे.

उजव्या हाताला एक पुरुष पळत होता. विटका हिरवा बनियन, पूर्वी आमच्या जिल्ह्याच्या संघाचे असायचे तसा, आणि छातीवर नंबर नाही. मला वाटलं, आयोजकांनी बायकांसाठी पेसर लावला असेल. पेसर म्हणजे भाड्यानं पळणारा. ठरलेल्या वेगानं आपल्याला ओढत नेतो आणि तिसाव्या किलोमीटरला कडेला होतो. मी खूश झाले. त्याच्या मागे लागले की पाय आपोआप उचलत होते. पाण्याच्या टेबलापाशी मुलीनं एकच पेला पुढे केला. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

चढ संपत आला तेव्हा तो बोलला. त्याला धाप लागलेली नव्हती.

"पोर झोपतं का?"

मी दचकले नाही. आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं हेही सगळ्यांना ठाऊक असतं. म्हटलं, "नाही झोपत."

"झोपेल कसं? ज्या नावाला शिंकलं ते दिलंत कुठे..."

आता मात्र माझ्या पाठीवरचा घाम गार पडला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण तो नेमका अर्धं पाऊल पुढेच राहायचा. जिल्ह्याचा बनियन, आमच्या वाड्या-वस्त्यांवरची बोली, आणि त्या वेळी खोलीत असलेल्या बायकांशिवाय कुणाला माहीत नसलेली गोष्ट. मला वाटलं, मला कळलं हा कोण आहे.

"तुम्ही गेलात का?" मी विचारलं. "कधी?"

"खूप दिवस पळतोय, पोरी. आता दमलो." तो हळू आवाजात म्हणाला. "म्हातारीला सांग. आणि पोराला हाक मार. नाव तूच घे..."

"घरी गेल्यावर."

"आत्ता घे."

मला माझं बाळ दिसत होतं. आखडलेल्या मुठी, घशातून आवाज निघेनासा झालेला. आई होते मी, दुसरा विचारच आला नाही. धुक्यात मी स्पष्ट म्हटलं, "बार्नो."

तिसाव्या किलोमीटरची पाटी आली. तो कडेला झाला, पेसर होतात तसाच, आणि चहाच्या झुडपांत उतरला. मी वळून पाहिलं नाही. पुढची बारा किलोमीटर मी अशी पळाले की चॅम्पियनबाईंना बाजाराच्या आधीच मागे टाकलं. मला मुरसिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, भोपळा दिला, गळ्यात हार घातला. दूध पितापिता मी गुरुजींना म्हटलं, पेसर चांगला लावलात. ते म्हणाले, या गावच्या शर्यतीला पाण्याचे पेले उसने आणावे लागतात, पेसर कुठून लावणार?

मला ते ऐकून धीरच आला, खरं सांगते. म्हणजे मी ओळखलं ते बरोबर होतं.

कोगोला सांगणं ही शर्यतीपेक्षा अवघड गोष्ट. मी तिच्या पायाशी बसले, सगळं सांगितलं. ती उठली, बार्नोचा भोपळा उचलला आणि दूध अंगणात ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी तापकिगेनला बोलावलं, आणि चार बायकांसमोर बाळाला बार्नो हे नाव दिलं. त्या रात्री बाळ सूर्य उगवेपर्यंत झोपलं. मीही झोपले. आठ दिवसांत त्याचे गाल भरले. नवऱ्याला मी म्हणत होते, बघ, तुझ्या बायकोनं शर्यतही जिंकली आणि पोरही.

नवव्या दिवशी फोन वाजला. बार्नोकाका बोलत होते. विमानतळावरून.

दुपारी ते अंगणात उभे राहिले, जाडे झालेले, केस पिकलेले, हातात दोन बॅगा. कोगोनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि ती हुंदके देऊन रडली. सगळं गाव जमलं. मी मात्र चुलीपाशीच थांबले.

चहा झाल्यावर त्यांनी बाळाला पाहिलं आणि नाव विचारलं. कुणीतरी हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं चुलीपाशी आले.

"हे नाव कुणी सुचवलं?"

मी सांगू लागले. मी हिरव्या बनियनपर्यंत पोचले आणि त्यांनी हातानं मला थांबवलं.

"तिसाव्याला कडेला झाला?"

"हो."

"मलाही भेटला होता. याच रस्त्यावर, याच रानात. सगळं माहीत होतं त्याला घरातलं. म्हणाला, तुझं नाव घे, मोठ्यानं." त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "मी नाही घेतलं. मी शर्यत सोडून पळालो, आणि देशच सोडला. आईला फोन करायचीही भीती वाटायची, तिनं माझं नाव घेऊन हाक मारली आणि त्यानं ऐकली तर... नुसतं नाव हवं होतं त्याला. आत यायला."

"मग आता का आलात?"

"तिथंही तो मला दिसायचा. दहा दिवसांपूर्वी दिसेनासा झाला. मला वाटलं, सुटलो."

ते त्याच संध्याकाळी निघाले. आईला म्हणाले, शहरात काम आहे.

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. बाळ गुटगुटीत आहे, हसतं, पोटभर पितं. नऊ महिने मी त्याला पोटात वाढवलंय, ते माझं आहे, आणि मी त्याला कुणाच्या हाती देणार नाही. फक्त मी त्याला नावानं हाक मारत नाही. कोगो मारते. आता ते अंगणभर रांगतं, आणि ती उंबऱ्यावर येऊन त्याला हाक मारते. मी रोज बघते. ती तोंड उघडायच्या आधीच ते वळलेलं असतं.